डेकलखाली चांदी पडतेय? शीटला शिव्या देण्याआधी हे तपासा

लक्षणं

डेकल, म्हणजे प्लास्टिकच्या मॉडेल विमानावर पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह, ओलं असतं तोवर काहीच कळत नाही. राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, पंखावर बसलेलं असतं, ब्रशनं रंगवल्यासारखं दिसतं, आपण खूश. जेवून परत येऊन बघावं तर अक्षरांच्या भोवतीची पारदर्शक फिल्म उठून दिसायला लागलेली असते, कपाटाच्या काचेवर जुनं स्टिकर राहिल्यासारखी. समोरून कमी दिसते. मॉडेल तिरकं करून ट्यूबलाइटखाली धरलं की चमकते. डार्क ग्रीनवर ठळक, आणि त्याच शीटमधलं, त्याच दिवशी लावलेलं पोटाकडच्या फिकट रंगावरचं डेकल मात्र चकचकीत चांगलं. स्टेन्सिलच्या, म्हणजे विमानावरच्या बारीक सूचनांच्या, ओळी असतील तर प्रत्येक ओळीभोवती एक चंदेरी पट्टी. आणि वरून मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश मारलं की जाईल, अशी आशा असते. ती चमक जात नाही, उलट आत कोंडली जाते.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर तुम्हाला सिल्व्हरिंगचा त्रास आहे. आमच्याकडे सगळे याला ‘चांदी पडली’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं मी बरीच वर्षं बनवतोय, १/७२ आणि १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी. स्वतःच्या मॉडेलवर ही चांदी किती वेळा काढली याचा हिशेब नाही. आता गावातली इतर मंडळीही बुटाच्या खोक्यात कापूस घालून विमान घेऊन येतात. परवाच इंजिनिअरिंगचा एक पोरगा आला. खोकं उघडायच्या आधीच निकाल देऊन मोकळा, “काका, शीटच बोगस आहे बघा.” शीट बोगस नव्हती. दहातल्या आठ वेळा ती नसतेच. दोष डेकलच्या खाली असतो, आणि सोलापूरच्या हवेत तो कसा तयार होतो हे एकदा कळलं की पुढची तपासणी सोपी जाते.

चांदी म्हणजे हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. डेकलची फिल्म त्या खडबडीच्या टोकांवर टेकते आणि खालच्या खळग्यांत हवा अडकते. फिल्ममधून हवेत शिरताना सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो, हवेतून खालच्या रंगावर पडताना पुन्हा तेवढाच. खालचा रंग गडद असेल तर हा परतलेला प्रकाश उठून दिसतो, फिकट असेल तर मिसळून जातो. म्हणून पोटाकडचं डेकल चांगलं ‘वाटतं’. हवा तिथेही असतेच.

आता तपासण्या. याच क्रमानं करा. पहिलीला एक पैसा लागत नाही, शेवटचीला रविवार जातो.

ही चांदीच आहे ना?

डेकलवर, जिथे पांढरट दिसतंय तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाखालचा पांढरेपणा गायब झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष वर आहे, म्हणजे क्षार, गोंदाचा थर किंवा खरखरीत वार्निश. थेंबाखालीही तसाच राहिला, तर हवा फिल्मच्या खाली आहे, म्हणजे खरी चांदी.

ही तपासणी आधी का, तर मी स्वतः एकदा एका स्पिटफायरचं अख्खं डावं बाजूचं कोड लेटर सोलून काढलं आणि मग कळलं की ते नुसते पाण्याचे डाग होते. ओल्या इअरबडनं दोन मिनिटांत गेले असते. गोंदाचा डाग पिवळसर असतो, डेकलच्या कडेबाहेर पसरलेला असतो, तोही ओल्या इअरबडनं जातो. पावसाळ्यात आणखी एक सोंग येतं. लॅकर क्लिअर मारलं की हवेतली ओल त्यात धरते आणि आख्खा पंख दुधाळ होतो. डेकलच्या बाहेरही दुधाळ असेल तर ते ब्लशिंग. त्यावर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की बहुतेक वेळा उतरतं.

पाणी कुठलं वापरलं?

नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मधल्या दिवसांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी बादलीत असतं. आपल्याकडचा खडक काळा, बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच थर सूक्ष्म प्रमाणात तुमच्या डेकलखाली वाळतो. त्यानं एकट्यानं चांदी पडते असं मी म्हणणार नाही, पण फिल्म आणि रंग यांच्यामध्ये कणी राहिली की तिच्याभोवती हवा राहते.

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, इन्व्हर्टरला घालतात तेच. एक कॅन वर्षभर पुरतो. वाटीत घेऊन कोमट करा, बोट सहज बुडवता येईल इतपतच.

आणि डेकल पाण्यात पोहू देऊ नका. पंधरा-वीस सेकंद बुडवायचं, काढून टिश्यूवर ठेवायचं, मिनिटभर थांबायचं. कागदावरून आपोआप सरकायला लागतं. पाण्यात सोडून दिलं तर पाठीचा गोंद धुऊन जातो, मग कडा उचलल्या जातात आणि कडेखाली हवा जाते. वाटीत तरंगणारं डेकल बघून पुष्कळांना बरं वाटतं, ‘सुटलं एकदाचं’ म्हणून. तो गोंद सुटलेला असतो.

हात आणि फडकं

ही खास आपल्या गावाची तपासणी. माझ्या घराच्या मागच्या बाजूला टॉवेलचे माग आहेत. अण्णांचा कारखाना सकाळी सुरू झाला की खिडकीत पांढरा भुगा जमतो. उन्हाच्या तिरिपीत बघितलं तर हवेत तंतू तरंगताना दिसतात. हेच तंतू ओल्या ग्लॉसवर, म्हणजे डेकलच्या आधी मारायच्या चकचकीत पारदर्शक थरावर, बसतात. १/७२ मध्ये एक तंतू म्हणजे पंखावर पडलेला जाड दोर. त्याच्यावर डेकल टाकलं की दोन्ही बाजूंना हवेचा बोगदा तयार होतो आणि चंदेरी रेघ दिसते. तुमची चांदी डागासारखी नसून रेघेसारखी, किंचित वाकडी असेल तर खाली तंतू आहे असं समजा.

त्यात आपण करतो काय, तर डेकल टिपायला खांद्यावरचा टॉवेल घेतो! सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याचे फासे धागा सोडतात. शिवाय ते फासे डेकलच्या कोपऱ्यात अडकून त्याला फिरवतात. जुना, पुष्कळ धुतलेला बनियन घ्या, किंवा चष्म्याचं फडकं. टिपायचं, पुसायचं नाही. मधून कडेकडे, हवा बाहेर जाईल अशा बेतानं.

डेकल लावण्याआधी मॉडेल भांड्यांच्या लिक्विडच्या दोन थेंबांनी धुऊन, डिस्टिल्ड वॉटरनं खळबळून वाळवा. आणि शेंगा चटणी खाल्लेला हात साबणानं धुतल्याशिवाय पंखाला लावू नका. हसू नका, तेलाच्या बोटाचा ठसा पडलेल्या जागी डेकल कधीच धरत नाही. ठसा डोळ्यांना दिसत नाही आणि चांदी बरोबर बोटाच्या आकाराची येते. मी एका बुबुळभर राउंडेलवर माझ्याच अंगठ्याच्या रेषा बघितल्या आहेत.

नख आणि ट्यूबलाइट

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि हिलाही खर्च नाही. नवीन डेकल लावण्याआधी, जिथे ते बसणार आहे तिथे नखाची पाठ हलकेच फिरवा. कान जवळ न्या. ‘खस्स’ असा आवाज आला, पाटीवर खडू ओढल्यासारखा, तर थांबा. नख गुपचूप घसरलं तर ठीक.

मग पंख ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि नळीचं प्रतिबिंब बघा. नळीची कड सरळ, धारदार दिसली तर पृष्ठभाग डेकलला तयार आहे. नळी आहे एवढंच कळतंय पण कड धुरकट, दाणेदार दिसतेय, तर तो ग्लॉस नाही, सॅटिन आहे. त्यावर हलकी चांदी पडणार. प्रतिबिंबच नसेल तर मॅट. मॅटवर डेकल लावायचंच नाही, कितीही घाई असो.

पुष्कळ जण म्हणतात, “ग्लॉस मारलाय की ओ!” बाटलीवर ग्लॉस लिहिलंय म्हणून पंखावर ग्लॉस होत नाही. मारण्याची पद्धत चुकली की ग्लॉसची बाटलीही मॅट देते, त्याचं कारण पुढे येतंय. तोवर स्वस्तातला उपाय: ऑटो पेंटच्या दुकानातून २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर आणा. नखाएवढा तुकडा कापून, साबणाच्या पाण्यात भिजवून, एका दिशेनं अगदी बोटाच्या वजनानं फिरवा. पॅनेल लाइनच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) आणि रिव्हेटच्या जागी जोर देऊ नका, रंग तिथे आधी उडतो. पुन्हा नख. आवाज गेला की बास. वरून ग्लॉसचा एक पातळ हात, आणि दुसऱ्या दिवशी डेकल.

शीट खरंच जुनी आहे का?

आता शीटकडे. तिला शेवटी बघायचं असं नाही, पण पहिली शिवी तिला नको. प्रत्येक शीटमध्ये एखादं न लागणारं चिन्ह असतंच, दुसऱ्या स्क्वॉड्रनचं किंवा दुसऱ्या देशाचं. ते कापून, ग्लॉस केलेल्या जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लावून बघा. पाण्यात तुकडे झाले तर फिल्म कडक झालीय. अख्खं राहिलं, चकचकीत पृष्ठभागावर नीट बसलं, आणि तरीही चांदी आली, तरच शीटला दोष द्या.

कपाटात पाच-सहा उन्हाळे काढलेली शीट आपल्या हवेत लवकर कडक होते. अशा शीटवर आधी क्लिअर लॅकरचा किंवा लिक्विड डेकल फिल्मचा एक थर मारून पूर्ण वाळवायचा, आणि मग चिन्हाच्या अगदी जवळून कापायचं, कारण आता दोन चिन्हांमधली फिल्मची हद्द उरत नाही. पिवळी पडली असेल तर झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा, ऊन पिवळेपणा ओढून घेतं. इतर गावांत आठवडाभर लागत असेल, आपल्याकडे मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी बघा.

चांगल्या शीटमध्येही पारदर्शक फिल्म जितकी कमी ठेवाल तितकी चांदीला जागा कमी. नव्या ब्लेडनं कडेकडेची कापून टाका. विमानाचे सिरियल नंबर मात्र सुटे सुटे कापायच्या भानगडीत पडू नका. ब्रिटिश पद्धतीत ते साधारण ८ इंच उंच असायचे, म्हणजे १/७२ मध्ये २.८ मिलिमीटर. सुटी अक्षरं एका रेषेत बसवताना डोळे जातात, आणि फोटोशी ताडून बघणाऱ्याला आधी तिरकी ओळच दिसते.

सेटर आणि सॉफ्टनर, कुठलं आधी?

डेकल बसवायला ही दोन द्रवं लागतात. दोघांची कामं वेगळी आहेत आणि गल्लत इथेच होते. सेटर आधी, डेकल ठेवण्याच्या जागेवर. तो पाण्याचा ताण कमी करतो, म्हणजे पाणी थेंब न धरता पसरतं आणि खळग्यातली हवा बाहेर निघते. सॉफ्टनर नंतर, डेकलच्या वरून. तो फिल्म मऊ करतो, मग ती पॅनेल लाइनमध्ये, रिव्हेटवर स्वतः बसते. मायक्रोस्केल कंपनीच्या जोडीत निळ्या लेबलचं मायक्रो सेट आधी आणि लाल लेबलचं मायक्रो सोल नंतर. लाल आधी वापरलं तर डेकल सरकवायच्या आतच मऊ पडून गुंडाळतं.

बाटल्या मागवून यायला वेळ लागतो, म्हणून घरगुती सोय: किराणा दुकानातला चायनीजला वापरतात तो पांढरा व्हिनेगर, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. सेटरचं काम बऱ्यापैकी भागतं. घरात वास सुटतो, “आज काय लोणचं घातलंस का?” असं आमच्या आईनं विचारलेलं आहे. सॉफ्टनरला मात्र घरगुती पर्याय शोधू नका. नेलपॉलिश रिमूव्हर वगैरे सल्ले ऐकून एकानं माझ्याकडे हरिकेन विमान आणलं होतं. डेकल राहिलं बाजूला, खालचं प्लास्टिकच विरघळून पंखाला खळगा पडला होता.

सॉफ्टनर लावला की डेकल सुरकुततं. म्हातारीच्या हातासारखं होतं. छातीत धस्स होतं, बोट पुढे जातं. हात मागे घ्या. त्या अवस्थेत फिल्म ओल्या पापडासारखी असते, बोट लागलं की फाटली. अर्ध्या तासात स्वतःहून ताणून बसते. कडक सॉफ्टनर काही ॲक्रिलिक ग्लॉसलाही चावतात, म्हणून आधी पोटाकडे न दिसणाऱ्या जागी थेंब लावून बघा.

लागलेल्या डेकलची डागडुजी

वरचं सगळं पुढच्या मॉडेलसाठी झालं. समोर जे चांदी पडलेलं बसलंय त्याचं काय?

मॅट कोट मारला नसेल तर आशा आहे. इन्सुलिनची सुई किंवा सगळ्यात बारीक शिवणाची सुई घ्या. चंदेरी डागावर उभी धरून टोचा, ओढू नका. डाळीएवढ्या डागाला दहा-बारा भोकं पुरतात. डाग पॅनेल लाइनवर असेल तर नव्या ब्लेडचं टोक त्या लाइनमधून एकदाच फिरवा. आता ००० ब्रशनं सॉफ्टनरचा एक थेंब डागावर सोडा. भिंग असेल तर बघा: भोकांतून द्रव आत शिरतो आणि चंदेरी रंग कडेपासून आतल्या बाजूला आटत जातो, ओल्या फरशीवरचं पाणी उन्हात आटतं तसा. मध्ये एक बेट राहतं. ते आजच्याला तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्या बेटाला पुन्हा टोचायचं, पुन्हा थेंब. मला बहुतेक वेळा तीन दिवस लागतात, एकदा पाच लागले.

एका बैठकीत चार वेळा सॉफ्टनर ओतला तर फिल्म कायमची मऊ पडून रंग पसरतो. घाई असेल त्यानं क्रिकेट बघावं.

उन्हाळ्याचा खरा गुन्हेगार: ड्राय स्प्रे

सगळं नीट करूनही दर एप्रिल-मेमध्ये चांदी परत येत असेल आणि डिसेंबरात येत नसेल, तर एअरब्रशपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या ब्रशपर्यंत, जावंच लागतं. पारा ४० च्या वर, दुपारची हवा कोरडी ठणठणीत. नोझलमधून निघालेला ग्लॉसचा थेंब पंखापर्यंत पोचायच्या आधीच हवेत अर्धा वाळतो. तो पसरत नाही, बारीक वाळूसारखा चिकटतो. असे हजार थेंब म्हणजे ग्लॉसच्या बाटलीतून निघालेला मॅट. नखाखाली ‘खस्स’ वाजतं ते हेच.

मी उन्हाळ्यात ग्लॉस फक्त पहाटे मारतो, आठच्या आत. अण्णांचे माग तेव्हा बंद असतात, तोही फायदा. अर्धा तास आधी खोलीत कूलर लावतो, हवेत ओल येते आणि तंतू खाली बसतात. मग कूलर, पंखा दोन्ही बंद, पाच मिनिटं थांबून सुरुवात. चालू कूलरसमोर फवारणी करू नका, धूळ थेट मॉडेलवर. टामिया कंपनीचा एक्स-२२ हा ग्लॉस असेल तर तो लेव्हलिंग थिनरमध्ये निम्म्याला निम्मा किंवा त्याहून पातळ करतो. त्या थिनरमध्ये रिटार्डर असतो, थेंब जास्त वेळ ओला राहतो. ०.३ च्या नोझलला दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर सात-आठ सेंटिमीटर. हिवाळ्यात पंधरा सेंटिमीटरवरून चालून जातं, उन्हाळ्यात नाही. पहिला हात धुक्यासारखा. तिसऱ्या हाताला पृष्ठभाग क्षणभर ओला, काचेसारखा दिसला पाहिजे, पण ओघळता कामा नये. त्या एका क्षणावर सगळं अवलंबून आहे आणि तो वाचून येत नाही. प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून बघा. दहा रुपयांत पुष्कळ चमचे येतात.

वाळायला उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन. नाक जवळ नेऊन वास घ्या. वास येतोय म्हणजे आत ओलं आहे. लवकर वाळावं म्हणून गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलंत तर ग्लॉस वाळेल आणि पंख वाकेल.

डेकल नकोच, मास्क कापून रंगवू

शेवटचा आणि माझा आवडता उपाय. मास्क म्हणजे चिन्हाच्या आकाराचं भोक कापलेली टेप, ती चिकटवून आत रंग फवारायचा. मोठी चिन्हं रंगवली की फिल्मच नाही, फिल्म नाही तर चांदी नाही. आपल्या हवाई दलाची युद्धकाळातली विमानं बनवणाऱ्याला हे सोपंही पडतं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून राउंडेलमधला लाल काढून टाकला होता. आग्नेय आशिया कमांडचं राउंडेल म्हणजे बाहेर गडद निळं, आत फिकट निळं. दोनच रंग, दोनच वर्तुळं.

१९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या १ नंबर स्क्वॉड्रननं हरिकेन उडवली. त्यातलं एक मी १/४८ मध्ये केलं. हरिकेनच्या पंखांचा विस्तार ४० फूट, त्याचा अठ्ठेचाळिसावा भाग बरोबर दहा इंच. पट्टी लावून किट तपासायला इतकं सोयीचं दुसरं विमान नाही. राउंडेल १६ इंची, म्हणजे मॉडेलवर साडेआठ मिलिमीटर. किटमधल्या शीटवर मी वर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला तर ते अकरा भरलं! म्हणजे ज्या डेकलची चांदी काढण्यात मी तीन संध्याकाळी घालवल्या, ते मुळात मापातच चुकीचं होतं. तेव्हापासून नियम केलाय: सुई हातात घेण्याआधी फोटो आणि वर्निअर. चुकीचं चिन्ह वाचवण्यात अर्थ नाही. फोटो कृष्णधवल असेल तर त्यातल्या छटेवरून मात्र निळा ठरवू नका. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा फिकट आणि लाल गडद येतो. आकार आणि जागा फोटोवरून घ्या, रंग दुसरीकडून.

वर्तुळं घरी कंपास-कटरनं मास्किंग टेपमध्ये कापता येतात. हात थरथरत असेल तर नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात जा. त्यांचा प्लॉटर साडेआठ मिलिमीटरचं वर्तुळ सुरेख कापतो. विनाइलचा गोंद जबर असतो, तो आधी तळहाताला चार-पाच वेळा चिकटवून मारा, नाहीतर मास्क काढताना खालचा रंगही येईल. तीन मिलिमीटरच्या सिरियल नंबरांसाठी त्यांच्या मागे लागू नका, ते काम त्या मशीनचं नाही. तिथे डेकलच.

कुठे थांबायचं

मॅट कोट मारून झालेला असेल आणि चांदी आत कोंडली असेल तर एकदा टोचून बघा. नाही गेली तर थांबा. पुढचा मार्ग म्हणजे घासून पुन्हा रंगवणं, आणि एका राउंडेलपायी आख्ख्या पंखाची वाट लावलेली मॉडेल मी बघितली आहेत.

मॉडेल दुसऱ्याचं असेल, वडिलांच्या हातचं असेल, किंवा कुणा निवृत्त हवाई सैनिकाला भेट मिळालेलं असेल, तर वरचं काहीही त्यावर करू नका, थेंबाची तपासणीसुद्धा नको. पुराणवस्तू जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. तिथली चांदीही त्या वस्तूचा भाग असते.

गाड्यांना मारतात तो टू-के क्लिअर चकाकीला जबरदस्त असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घरात, खिडकी उघडून, तोंडाला रुमाल बांधून तो मारायचा नाही. तुम्हाला तोच हवा असेल तर बूथ आणि योग्य मास्क असलेल्या गॅरेजवाल्या पेंटरला मॉडेल द्या आणि समोर उभं राहून दाब कमी करायला सांगा. साध्या लॅकरनंही छाती भरून आली, धाप लागली, तर ब्रश खाली ठेवून बाहेर या. तासाभरात बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

कॉम्प्रेसरच्या टाकीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नसेल, किंवा खालून गंजाचं पाणी येत असेल, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. टाकीला वेल्डिंग मारून वापरायचा सल्ला कुणी दिला तर चहा पाजून परत पाठवा.

त्या हरिकेनची वरची दोन राउंडेल आणि बाजूची दोन मी घासून रंगवली. पोटाकडच्या डाव्या पंखाखाली एका स्टेन्सिलला अजून चांदी आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचणार नाही. विमान चाकांवर उभं आहे, खाली वाकून बघणारा एकटा मीच.